नुसती वर्षं मोजून पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) मिळतो का?

प्रश्न: मी २०१७ ला शिकायला कॅनडात आले, पुढे वर्क परमिट संपला, वाढवताना घोळ झाला आणि इथे कायदेशीर राहायचं स्टेटस गेलं. मुलगी इथलीच, आता पहिलीत आहे. मैत्रीण म्हणते एवढी वर्षं झाली, एच अँड सी (माणुसकीच्या कारणावरचा अर्ज) टाक, पीआर मिळूनच जाईल. खरंय का?
– एक वाचक, ब्रॅम्प्टन

उत्तर: ताई, "मिळूनच जाईल" हे आधी डोक्यातून काढा. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५ खाली माणुसकीच्या कारणावरून अर्ज करता येतो, पण अमुक वर्षं झाली की हक्क लागू असं त्यात कुठेही नाही. ऑफिसर बघतो तुम्ही इथे किती रुजलात, त्याला ते एस्टॅब्लिशमेंट म्हणतात, आणि ते कागदावर दिसलं पाहिजे, म्हणजे पगाराच्या स्लिपा, भाडेकरार, बँक स्टेटमेंट, दरवर्षीचं टॅक्सचं नोटीस ऑफ असेसमेंट. परमिट नसताना काम केलं असेल तर लपवू नका, ते तुमच्या विरोधात धरलं जाऊ शकतं पण लपवलेलं सापडलं तर सगळंच बोंबललं.

ओळखीच्यांच्या पत्रांचा तर लोक नुसता गठ्ठा लावतात, सगळ्यांत एकच मजकूर, "ही फार चांगली बाई आहे". त्यापेक्षा "तीन वर्षं दर शनिवारी आमच्या मराठी शाळेत बाराखडी शिकवते, एकदा बर्फात बस बंद होती तरी चालत आली" असं एकच पत्र जास्त बोलतं.

मुलगी कॅनेडियन आहे म्हणून तुम्हाला आपोआप काही मिळत नाही, पण तिच्या हिताचा विचार करावाच लागतो, १९९९ च्या बेकर केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय (त्या बाई जमैकाहून आलेल्या, घरकाम करायच्या, चार मुलं इथे जन्मलेली). तेव्हा तिला भारतात न्यावं लागलं तर शाळा, भाषा, डॉक्टर यांचं नेमकं काय होईल ते लिहा, नुसतं "तिला त्रास होईल" नको.

आणि हे महत्त्वाचं, अर्ज टाकला म्हणून देशाबाहेर काढायची कारवाई थांबत नाही, लगेच वर्क परमिटही मिळत नाही. नकार आला तर अपील नाही, निर्णय कायद्याने बरोबर होता का एवढंच तपासून घ्यायला फेडरल कोर्टात जाता येतं आणि त्याला फक्त १५ दिवस असतात, म्हणून वकील आधीच गाठा. मुलीच्या टीचरचं पत्र जूनच्या आत घ्या, सुट्ट्या लागल्या की शाळेत कोणी सापडत नाही.