नवीन चेन-स्प्रॉकेट घेताना एवढं बघ

भाऊ, पहिली गोष्ट, बाईकची नुसती चेन बदलू नको. पुढचं, मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) आणि चेन, पूर्ण सेटच घे. जुन्या दातांवर नवी चेन टाकली की ती लवकर खराब होते, आणि गॅरेजवाला "स्प्रॉकेट चालतंय अजून" म्हणाला तरी तू स्वतः वाकून बघ, दात एका बाजूला झुकून हुकासारखे टोकदार झाले असतील तर ते संपलंच समज.

रोलॉन, डायमंड किंवा कंपनीचा ओरिजनल, काहीही चालेल, फक्त डुप्लिकेट नको. चेनचा साइज नंबर (428 वगैरे) आणि कड्यांची संख्या जुन्याइतकीच. स्प्रॉकेट स्टीलचंच घे. ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंग असलेली) चेन महाग पडते पण आत ग्रीस सीलबंद असतं म्हणून जास्त टिकते, तुझ्या गाडीला मिळत असेल तर तीच घे.

नवीन लोकं हमखास चुकतात ते इथे:
- चेन कडक ताणतात. मधोमध वर-खाली साधारण 20 ते 30 मिमी ढील हवीच, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. कडक चेन बेअरिंगपण खाते.
- पेट्रोलने, तारेच्या ब्रशने धुतात. रॉकेल आणि मऊ ब्रश घे, पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लाव.

आपल्याकडे यावल-रावेरकडे केळीच्या बागेत गाडी घातली की काळी माती चेनला चिकटते, वाळली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते, म्हणून एरवी 500 किमीला साफ करत असलास तरी पावसाळ्यात तेवढी वाट न बघता लगेच साफ कर. स्प्रॉकेटचे दात कमी-जास्त करून पिकअप वाढवायचं सध्या राहू दे. गाडी कोणती आहे ते सांग, साइज सांगतो.