सापेकेन बेट बालीच्या इतकं जवळ आहे, मग ते पूर्व जावातल्या सुमेनेप जिल्ह्यात कसं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नकाशात सापेकेन बालीच्या वरच्या अंगाला दिसतं, तरी ते मादुरा बेटावरच्या सुमेनेपच्या ताब्यात का? आणि इंडोनेशियातला जिल्हा म्हणजे आपल्यासारखाच जिल्हा का? मी सुराबायाला नोकरी करतो आणि कामानिमित्त सुमेनेपपर्यंत जाणं होतं, म्हणून लिहितोय. आधी दुसरं सांगतो, त्याशिवाय पहिलं नीट कळणार नाही.

तिथे जिल्ह्याला काबुपातेन म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला बुपाती. बुपाती हा परीक्षा देऊन बदलीवर आलेला अधिकारी नसतो. 2005 पासून लोक त्याला थेट मतदानाने निवडून देतात, पाच वर्षांसाठी. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याची आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची बरीचशी कामं तिथे एकाच खुर्चीवर आलेली आहेत. तालुक्याला केचामातान म्हणतात. त्याचा चामात मात्र सरकारी नोकर असतो आणि त्याला बुपातीच नेमतो. त्याच्या खाली देसा, म्हणजे गाव. गावाचा प्रमुख पुन्हा लोकांनी निवडलेला, आणि 2024 च्या कायद्यापासून त्याची मुदत तब्बल 8 वर्षांची झाली आहे. म्हणजे वर आणि खाली मतांवर आलेली माणसं, मध्ये नेमलेला माणूस. बेटांवर याचा अर्थ असा होतो, की रोजच्या कामासाठी लोकांच्या समोर असतो तो चामात, आणि त्याला वर घेणारा-काढणारा समुद्रापलीकडे बसलेला असतो.

आता सुमेनेप. मादुराचं पूर्वेकडचं टोक आणि त्यापुढे समुद्रात विखुरलेली बेटं मिळून पूर्व जावा प्रांतातला हा जिल्हा होतो. सरकारी हिशोबाने बेटं 126, त्यातली वस्तीची 48. तालुके 27, 18 मादुराच्या जमिनीवर आणि 9 बेटांवर. क्षेत्रफळ सुमारे 2,090 चौरस किलोमीटर, त्यातला 45 टक्क्यांच्या आसपास भाग बेटांचा. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाखांच्या वर भरली.

सगळीच बेटं दूर आहेत असं नाही. तालांगो तर कालियांगेत या मादुरावरच्या बंदराच्या धक्क्यावरून समोरच दिसतं, खाडी ओलांडावी तसं पार करता येतं. सापुदी बैलांसाठी प्रसिद्ध. मादुराच्या बैलांच्या शर्यतींचं मूळ तिथलं सांगतात. खरा मामला त्यापुढे आहे. पूर्वेकडच्या कांगेआन बेटाला जायला कालियांगेतहून साध्या बोटीने दहा तासांच्या आसपास लागतात. सापेकेन आणखी पुढे, कालियांगेतपासून सरळ रेषेत जवळपास 190 किलोमीटर. बालीच्या उत्तर किनाऱ्यावरचं सिंगाराजा तिथून 140 किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे तुमची शंका बरोबर आहे. वर गंमत अशी, की बाली मध्य इंडोनेशियाच्या वेळेवर चालतं आणि पूर्व जावा पश्चिमेच्या. त्यामुळे बालीच्या बहुतेक भागाच्या पूर्वेला असूनही सापेकेनचं घड्याळ कायद्याने बालीच्या एक तास मागे. उत्तरेकडे मासालेम्बूचंही तसंच: मादुरा आणि कालिमंतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग) यांच्या साधारण मध्यावर, आणि त्याच तालुक्यातलं कारामियान तर कालिमंतानलाच जवळ.

मग ही बेटं सुमेनेपकडे कशी? सुमेनेपला जुनी राजगादी होती. जिल्हा आपला स्थापना दिवस 1269 सालापासून मोजतो, आर्य वीरराजा तिथे अधिपती म्हणून आला तेव्हापासून. जावातलं जुनं मजपहित राज्य उभं करायला ज्याने मदत केली तोच हा. कांगेआनची बेटं सुमेनेपच्या गादीच्या अमलाखाली आली. पुढे डचांनी गादी मोडीत काढली पण हद्दी फारशा हलवल्या नाहीत, आणि स्वतंत्र इंडोनेशियाने त्याच उचलल्या. शिडांच्या काळात वारा कुठे नेतो आणि माल कुठे खपतो यावर जवळ-दूर ठरायचं, पट्टीने मोजून नाही. लोकांवरूनही काही ठरत नाही. सापेकेनमध्ये घरात बाजो या दर्यावर्दी लोकांची भाषा चालते, मासालेम्बूत मादुरी आणि सुलावेसी बेटाकडचे बुगिस, मांदार असे सगळे शेजारी राहतात.

अंतर हा निकष तिथे आजही शेवटचा शब्द नसतो. 2025 मध्ये आचे आणि उत्तर सुमात्रा या प्रांतांत चार छोट्या बेटांवरून वाद पेटला. गृहमंत्रालयाने ती उत्तर सुमात्राला दिली होती. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष प्राबोवो यांनी ती आचेची ठरवली, आणि आधार होता दोन्ही गव्हर्नरांनी 1992 मध्ये केलेला करार.

मला स्वतःला हद्दीपेक्षा मधला समुद्र जास्त खटकतो. 1999 च्या कायद्याने जिल्ह्यांना किनाऱ्यालगतच्या पाण्यावर अधिकार दिले होते. 2014 च्या 23 क्रमांकाच्या कायद्याने ते काढून 12 मैलांपर्यंतचा समुद्र प्रांताच्या हाती दिला. 4 मैलांची रेषा उरली ती समुद्रातल्या उत्पन्नाचा जिल्ह्याचा वाटा मोजण्यापुरती. म्हणजे बेटं सुमेनेपच्या बुपातीची, पण त्यांच्या मधल्या पाण्यातली मासेमारी कोण कशी करतो हे ठरवणारं प्रांताचं कार्यालय. कोळी बांधव तक्रार घेऊन जातात बुपातीकडे, कारण मत त्याला दिलेलं असतं. तो हात वर करतो, आणि या एका बाबतीत तो खोटं बोलत नसतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा सुटला की लाटा उंच होतात आणि बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. कधी कधी हे दिवसेंदिवस चालतं. तेवढ्यात बेटांवर तांदूळ-इंधन महाग, आणि आजारी माणूस असेल तर फारच वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेचा वाराही त्रास देतो, ते फारसं कोणी लिहीत नाही.

त्यात वायूचा विषय. सापेकेन तालुक्यातल्या पागेरुंगान बेटाजवळचा नैसर्गिक वायू 1990 च्या दशकापासून समुद्राखालच्या नळाने पूर्व जावाकडे, कारखान्यांकडे आणि वीजकेंद्रांकडे गेला. आसपासच्या बेटांवर तेव्हा रात्रीचे थोडे तास जनरेटर चालायचा. कांगेआनचा वेगळा जिल्हा करा ही मागणी अधूनमधून का उठते, हे यावरून समजेल.

ती मागणी पुढे सरकत नाही याचं कारण मात्र साधं आहे. नव्या काबुपातेनला कायद्याने किमान 5 तालुके लागतात. कांगेआनच्या बाजूला आहेत तीनच: आर्जासा, कांगायान आणि सापेकेन. आर्जासा आणि सापेकेन फोडून दोन तालुके वाढवता येतील, पण 2014 पासून केंद्राने नवे जिल्हे करणंच थांबवून ठेवलंय. आणि समजा उद्या झालाच, तर मुख्यालय बहुधा आर्जासाला जाईल. सापेकेनवाल्यांना तिथेही बोटीनेच जावं लागणार, फक्त कमी वेळ.