एलएससुद्धा चालेना, आता फॉरमॅट?

प्रश्न : घरच्या पीसीवर उबुंटू २०.०४ आहे. एक सॉफ्टवेअर चालवायला गेलो तर 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' म्हणाला, म्हणून २२.०४ ची लिबसी६ ची (म्हणजे जीलिबसीच्याच पॅकेजची) डेब फाइल उतरवून फोर्स करून टाकली. मध्येच एरर आला, मग फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड नाही, अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी सुडो नाही. रीस्टार्ट केलं तर थेट कर्नल पॅनिक, 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. फॉरमॅट मारावं लागणार का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको, तुमचा डेटा जागेवर आहे. एलएस, बॅश (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम), सुडो, सिस्टमडी (उबुंटूचा इनिट) सगळे जीलिबसी या मूळ सी लायब्ररीच्या जिवावर चालतात आणि तीच आता अर्धी २.३१, अर्धी २.३५ झालीय. कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला, ती लागत नाही, म्हणून मशीन सुरू होतं आणि इनिटपाशी, म्हणजे कर्नल सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रामपाशी, येऊन आडवं पडतं. (रीस्टार्टची घाई नडली खरं तर, रूटचं टर्मिनल उघडं असतं तर बिझीबॉक्सवर, म्हणजे जीलिबसीशिवाय चालणाऱ्या कमांडांच्या संचावर, बरंच भागलं असतं.)

२०.०४ च्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि रूट पार्टिशन (ज्यात तुमचं उबुंटू आहे ते) माउंट करा, म्हणजे जोडून घ्या. इथे लोक लगेच सीएचरूट मारतात, म्हणजे त्या पार्टिशनलाच चालू सिस्टम मानून आत शिरतात, आणि ते चालत नाही, कारण आतला बॅश त्याच मोडक्या लायब्ररीवर चालणार ना! आधी बाहेरूनच फाइली बदलायच्या. २०.०४ ची लिबसी६ डेब डीपीकेजी-डेब या कमांडने वेगळ्या फोल्डरात उघडा, थेट पार्टिशनवर नको, तिथे लिब हे बहुधा यूएसआरमधल्या लिबकडे जाणारं सिमलिंक (शॉर्टकटसारखी लिंक) असतं, ते उडालं तर नवीनच भानगड. मग त्यातल्या लिब आणि लिब६४ मधल्या फाइली कॉपीच्या सीपी कमांडला -ए लावून (लिंक, परवानग्या तशाच राहतात) आपापल्या जागी टाका, आणि सगळ्या टाका, नुसती लिबसी उचलून भागत नाही कारण २.३१ मध्ये लिबपीथ्रेड ही थ्रेडची लायब्ररी वेगळी असते (२.३४ पासून ती लिबसीतच घातली) आणि दोघींचं व्हर्जन जुळलं नाही की परत तेच रडगाणं.

आता लाइव्ह सिस्टमचे डेव्ह, प्रॉक, सिस हे फोल्डर पार्टिशनमध्ये बाइंड करून (जोडून) सीएचरूट करा. आत एलएस चालला की तीच डेब डीपीकेजीने (पॅकेज बसवणाऱ्या कमांडने) रीतसर इन्स्टॉल करा, नाहीतर त्याच्या नोंदीत २.३५ च राहील, आणि शेवटी एपीटी या पॅकेज मॅनेजरचं फिक्स-ब्रोकन चालवा.

राहिलं तुमचं सॉफ्टवेअर. ते डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) २२.०४ घेऊन चालेल, पण २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपलाय, तेव्हा मी म्हणेन सगळी सिस्टमच रिलीज अपग्रेडने २२.०४ वर न्या. त्याआधी होम फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, पेनड्राइव्हवरून बूट केलंच आहे तर तेव्हाच उरकून टाका.