माळावरच्या पाण्याच्या टाक्या आणि बाबांचा प्रश्न

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक बारावीला, ग्रुप पीसीएम, अर्जेंटिनाच्या पिएर ऑजे ऑब्झर्व्हेटरीचा व्हिडिओ बघितल्यापासून कॉस्मिक रेजच, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचा अभ्यासच करायचं म्हणतेय, आणि तिचे बाबा म्हणतात "माळावर पाण्याच्या टाक्या मांडायच्या, हे काय करिअर आहे?" मला हसूच आलं, कारण बाबांचं वर्णन अगदी बरोबर आहे!

तिथे मालार्ग्वे गावाजवळ सुमारे 3000 चौरस किलोमीटरवर 1600 च्या वर टाक्या आहेत, दीड-दीड किलोमीटरवर एक, प्रत्येकीत 12000 लिटर अतिशुद्ध पाणी आणि आत मिट्ट काळोख. वरून एक कण हवेवर आदळला की त्याचे कोट्यवधी होऊन खाली सडा पडतो, ते पाण्यातून जाताना निळसर उजेड चमकतो, तो आतल्या तीन फोटोट्यूब (मंद उजेड टिपणाऱ्या नळ्या) टिपतात, आणि कुठल्या टाकीत आधी चमकलं यावरून कण कुठल्या दिशेनं आला ते काढतात. एवढा पसारा कशाला, तर सगळ्यात जोरकस कण चौरस किलोमीटरला शंभर वर्षांत जेमतेम एखादा पडतो. म्हणजे काम चिकाटीचं, आणि एकटीच्या नावावर शोध वगैरे नाही, पेपरवर शेकडो नावं असतात. हे तिला चालेल का ते आधी विचारा, मार्कांचं नंतर बघू.

रस्ता लांब आहे, लपवत नाही. आयसर (विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था) किंवा बीएस्सी-एमएस्सी मिळून पाच वर्षं, पीएचडी अजून पाच-सहा, मग बहुतेक परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. पीएचडीत सुरुवातीला फेलोशिप महिना 37000 च्या आसपास असते, पण कायमच्या जागा खूप कमी. मात्र इलेक्ट्रॉनिक्स, पायथन, डेटाची सवय हातात राहते, ती बाहेर विकली जाते. बाबांना इंजिनिअरिंगच हवं असेल तर तेही चालेल, नंतर फिजिक्सच्या पीएचडीकडे वळता येतं.

आणि हो, अर्जेंटिनाच कशाला, आपल्या टीआयएफआरचा (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) ग्रेप्स-3 हा असाच कण मोजायचा प्रयोग उटीला आहे, तिथले कण कमी एनर्जीचे, पण सडा मोजायची रीत तीच. 2014 मध्ये एका वादळी ढगातलं 1.3 अब्ज व्होल्ट त्यांनीच म्युऑनवरून, म्हणजे या सड्यातल्याच एका जातीच्या कणांवरून मोजलं होतं.

बारावीची परीक्षा झाली की एक करा. ऑजेनं 2021 मध्ये आपला 10 टक्के डेटा सगळ्यांना फुकट खुला केला, पायथनच्या नोटबुकसकट (म्हणजे चालवून बघता येणारे तयार प्रोग्रॅम). दोन महिने तिला त्यात घुसू द्या. आकडे बघून कंटाळली तर तेव्हाच कळेल, आणि रात्री जेवायला हाक मारावी लागली तर मला पुन्हा लिहा, मग एंट्रन्सचं बोलू.