नव्वद पौंडांचे व्हेप आणि मिलीलिटरचा हिशेब

स.न.

लंडनजवळच्या स्लाउहून आलेले तुमचे पत्र आणि सोबतचा हिशेबाचा तक्ता मी दोनदा वाचला. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही सिगारेट सोडलीत आणि तेव्हापासून एका साध्या पॉडवर, म्हणजे लिक्विडाची वाफ ओढायच्या छोट्या ई-सिगारेटवर, निभावून नेले आहे, याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. आता तुम्हाला ९० पौंडांचा संच घ्यायचा आहे: वॉट कमीजास्त करता येणारे मोठे यंत्र, लिक्विड भरायचा टँक, दोन सुट्या बॅटऱ्या आणि चार्जर. सध्याचे लिक्विड मिलीलिटरमागे ३५ पेन्सला पडते, नव्या यंत्रात चालणारे मोठ्या बाटलीतले लिक्विड २२ पेन्सला पडेल, म्हणजे महिन्याला दहा पौंड वाचतील आणि नऊ महिन्यांत यंत्राचे पैसे वसूल होतील, असे तुमचे गणित आहे.

गुणाकार अचूक आहे, पण त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट चुकली आहे. नव्या यंत्रातही तुम्ही दिवसाला अडीच मिलीलिटरच ओढाल, असे तुम्ही मानले आहे. तुमच्या पॉडची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, एक ओहमच्या आसपासची आहे आणि ती दहा-पंधरा वॉटवर चालते; तुम्ही निवडलेल्या टँकची कॉइल ०.२ ओहमची आहे आणि तिला साठ वॉटच्या पुढे शक्ती लागते. एवढ्या उष्णतेवर प्रत्येक झुरक्याला कितीतरी जास्त लिक्विडाची वाफ होते, आणि म्हणूनच अशा यंत्रांवर दिवसाला आठ-दहा मिलीलिटर सहज संपते. शिवाय तुम्ही आज मिलीलिटरमागे २० मिलिग्रॅम निकोटिन असलेले सॉल्ट लिक्विड वापरता, तर निकोटिन नसलेल्या मोठ्या बाटलीत एक निक शॉट (निकोटिनची छोटी बाटली) मिसळल्यावर ते प्रमाण जेमतेम ३ मिलिग्रॅमवर येते. दिवसाला अडीच मिलीलिटर म्हणजे ५० मिलिग्रॅम निकोटिनची सवय असलेल्या शरीराला आठ मिलीलिटरमधून मिळणार २४ मिलिग्रॅम. निकोटिन रक्तात किती उतरते हे निव्वळ गुणाकाराने ठरत नाही, हे मान्य, तरी कमी पडले की हात पुन्हा यंत्राकडेच जाईल. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे टँक दोन मिलीलिटरचाच असल्यामुळे तो दिवसातून चारदा भरावा लागेल.

आता तुमच्याच किमती घेऊन महिना मांडू. पॉडवर ७५ मिलीलिटर लिक्विडाचे २६ पौंड आणि बदलायच्या चार सुट्या पॉड-डब्यांचे १२, असे ३८ पौंड होतात. नव्या यंत्रावर आठ मिलीलिटर धरले तरी २४० मिलीलिटर लागेल, म्हणजे १३ पौंडांच्या चार बाटल्या आणि तीन कॉइल मिळून साधारण ६२ पौंड. बचत तर नाहीच, उलट २४ पौंड जास्त.

खरी गोम मात्र कराची आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये व्हेपच्या लिक्विडावर दर १० मिलीलिटरला २.२० पौंड शुल्क ठरलेले आहे आणि त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे मिलीलिटरमागे २६.४ पेन्स. सुरुवातीला निकोटिनच्या प्रमाणानुसार कमीजास्त दर लावण्याचा विचार होता, पण अखेरीस एकच सरसकट दर ठरला, आणि तो निकोटिन अजिबात नसलेल्या लिक्विडालाही लागू आहे. ज्या मोठ्या, स्वस्त, बिननिकोटिनच्या बाटलीवर तुमचे सगळे गणित उभे आहे, तिलाच हा दर सर्वांत जास्त झोंबतो. पॉडच्या ७५ मिलीलिटरवर २० पौंड कर पडेल, तर नव्या यंत्राच्या २४० मिलीलिटरवर ६३. कर धरून पॉडचा महिना ५८ पौंडांचा होतो आणि नव्या यंत्राचा जवळपास १२५ पौंडांचा. फरक ६७ पौंडांचा, वर्षाचे ८०४. यात यंत्राचे ९० पौंड अजून धरलेलेच नाहीत.

घराच्या पहिल्या हप्त्यासाठी तुम्ही लाइफटाइम आयसामध्ये (सरकार भर घालते अशा बचत खात्यात) पैसे टाकता आणि वर्षाची ४,००० पौंडांची मर्यादा तुमच्याकडून भरत नाही, असे तक्त्यात दिसते. तेच ८०४ पौंड तिथे गेले तर सरकारचे २५ टक्के, म्हणजे २०१ पौंड वर मिळतील. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हा संच घेऊ नये.

माझ्याकडे पैशांच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या एका ग्राहकाने मागे बुटांचे एक खोके माझ्यापुढे टेबलावर रिकामे केले होते. त्यात दोन यंत्रे, चार टँक, एकाची काच तडकलेली, कुठल्याच टँकला न बसणाऱ्या कॉइलची पाकिटे आणि चव न आवडल्याने अर्ध्यावर सोडलेल्या सात बाटल्या होत्या. आम्ही बसून बेरीज केली, ती ३४० पौंडांवर गेली. या वस्तूंचा खर्च असाच तुकड्यातुकड्याने होतो, म्हणून तो तक्त्यात कधी दिसत नाही.

एका परिस्थितीत मात्र मी माझे मत बदलेन. पॉड अपुरा पडून तुम्ही पुन्हा सिगारेटकडे वळत असाल, तर वीसच्या पाकिटाला १५ पौंडांच्या वर मोजावे लागतात. आठवड्याला दोन पाकिटे झाली तरी महिन्याचे १३० पौंड गेले, आणि तब्येतीचे नुकसान वेगळेच. तसे असेल तर कॉइल बदलता येणारा पंचवीस-तीस पौंडांचा पॉड घ्या आणि एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) धूम्रपान सोडवणाऱ्या मोफत सेवेत बोलून निकोटिनचे प्रमाण ठरवा.

विम्याच्या अर्जावर ‘धूम्रपान नाही’ लिहिण्याचा विचार कृपया सोडा. इथल्या बहुतेक कंपन्या गेल्या १२ महिन्यांतले निकोटिन विचारतात आणि त्यात व्हेपही येते. लपवले तर तुमच्या पश्चात पत्नीचा दावाच अडकू शकतो. डिसेंबरात नाशिकला जाताना यंत्र नेण्याचेही मनात आणू नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठा यांवर बंदी आहे, आणि आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे तुमच्या छोट्या पॉडलाही लागू आहे. त्या तीन आठवड्यांसाठी पॅच किंवा गम यांविषयी फार्मासिस्टला आधीच विचारून ठेवा.

तूर्त एवढेच करा: बाटली उघडली की तिच्या झाकणावर तारीख लिहा, आणि महिनाभराच्या रिकाम्या बाटल्या मोजून मला आकडा कळवा. अडीच मिलीलिटर हा तुमचा अंदाज आहे. तो खरा किती, हे कळल्यावर आयसाची मासिक रक्कम ठरवता येईल.