ई-पुस्तके विकत घेण्यापूर्वी

आपण नव्यानेच ई-पुस्तके घेऊ लागला आहात, म्हणून आधीच सांगतो की ‘खरेदी करा’ या बटणावर फार विसंबू नका. बहुतेक दुकानांत मिळतो तो केवळ वाचण्याचा परवाना. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले खरे, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेझॉननेही किंडल या आपल्या वाचनयंत्राची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोय काढून टाकली.

म्हणून शक्य तेथे कुलूप (म्हणजे नक्कल करणे वा दुसऱ्या यंत्रावर वाचणे रोखणारे बंधन) नसलेली ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या प्रचलित प्रकारातली, फाइल घ्यावी. उतरवलेली फाइल जेमतेम काही किलोबाइटची असून तिच्या नावाअखेरीस ‘एसीएसएम’ असेल, तर ते पुस्तक नव्हे; अडोबी कंपनीच्या वाचन-प्रोग्रॅमला पुस्तक आणायला सांगणारी ती नुसती चिठ्ठी असते. मराठी पुस्तकाचे नमुना-प्रकरण उघडून त्यात एखादा शब्द अवश्य शोधून पाहा, कारण काही ठिकाणी स्कॅन केलेली पानेच विकली जातात (किंमत मात्र पुरेपूर घेतात), तेथे शोध चालत नाही आणि अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.