रुईवरचं केशरी फुलपाखरू पक्षी का खात नाहीत?
कारण ते कडू आणि विषारी असतं. रुईवर दिसणारं हे फुलपाखरू बहुधा बिबळ्या कडवा. त्याची अळी रुईची पानं खाते आणि चिकातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं अंगात साठवते. एकदा चव घेतलेला पक्षी तो केशरी रंग लक्षात ठेवतो. म्हणूनच हे इतकं संथ, बिनधास्त उडतं. शरीरही चिवट, चोचीतून सुटलं की बरेचदा जगतं. नर खुळखुळा नावाच्या वाळलेल्या झुडपावर बसून आणखी कडू द्रव्यं शोषतात, हे नक्की बघा! मात्र प्रत्येक कडवा सारखा विषारी नसतो, अळीने कोणती वनस्पती खाल्ली त्यावर ते ठरतं. शिवाय छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब अशीच दिसते, ती मुळीच कडू नसते.